लेप्टो बरा झाला, मग तीन महिन्यांनी डोळा का लाल?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही कुडाळ तालुक्यातले. घरची भातशेती, दोन म्हशी. यंदा लावणी आटोपली आणि ऑगस्टमध्ये आमच्या ह्यांना जोराचा ताप भरला. पोटऱ्यांना हात लावू देत नव्हते, डोळे लालभडक, मग पिवळे दिसू लागले. तपासणीत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, निघाला. आठवडाभर दवाखान्यात होते, देवाच्या कृपेने वाचले. दिवाळीनंतर उजवा डोळा लाल झाला. घाण येत नाही, सकाळी पापण्या चिकटत नाहीत, पण उजेडाकडे बघवत नाही आणि धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. मेडिकलवाल्याने ‘डोळे आलेत’ म्हणून ड्रॉप दिले. चार-पाच दिवसांत लाली गेली. ड्रॉप संपले आणि डोळा पहिल्यापेक्षा जास्त लाल झाला. आता डोळ्यासमोर जाळं तरंगतं म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, कावीळ नीट उतरली नव्हती, ती डोळ्यात राहिली. एक बाई डोळ्यात झाडपाल्याचा रस घालतात, त्यांच्याकडे जाऊ या. हे म्हणतात, झोडणी होऊ दे, मग बघू. लेप्टोचा आणि या डोळ्याचा काही संबंध असेल का? मुलांना लागेल का? धाकटी जाऊ गरोदर आहे, तीही आमच्यातच राहते. काय करावं?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, झोडणी राहू दे. यजमानांना उद्या, फार तर परवा, डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि जाताना ऑगस्टमधली लेप्टोची फाईल, निदान डिस्चार्ज कार्ड तरी, पिशवीत टाका. ते कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून ‘तीन महिन्यांपूर्वी ह्यांना लेप्टो झाला होता’ हे वाक्य तुम्ही स्वतः बोला. ते विचारतील म्हणून थांबू नका. बाकी सगळं पुढे सविस्तर लिहिते, पण एवढं एक वाचून तुम्ही उठलात तरी माझं काम झालं.

तुमचा पहिलाच प्रश्न नेमका आहे. होय, संबंध असू शकतो. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून कुठल्याही नेत्रतज्ज्ञाच्या मनात लेप्टोनंतरचा युव्हायटिस यायला हवा. युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या मधल्या थराची सूज. आपण ज्याला डोळे येणं म्हणतो ती वरच्या पातळ आवरणाची सूज असते: डोळा चिकटतो, पाणी-घाण येते, खुपतं, पण नजर सहसा शाबूत राहते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ते आपोआप बरं होतं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हापासून लाल डोळा दिसला की ‘आय फ्लू’ म्हणायची सगळ्यांना सवयच लागली आहे. तुमच्या मेडिकलवाल्यालाही तेच वाटलं असणार. पण घाण नाही, उजेड सोसवत नाही आणि दिसायला कमी झालंय, हे तिन्ही एकत्र आलं की तो डोळे येण्याचा प्रकार राहत नाही. तिथे आत काहीतरी चाललेलं असतं.

घरच्या घरी एवढं बघता येईल. सकाळी ह्यांना खिडकीशी बसवा आणि डोळ्याचा पांढरा भाग नीट पाहा. लाली पापणीच्या आतल्या बाजूला जास्त आहे, की बुबुळाच्या कडेभोवती जांभळट-लाल कडं धरलंय? आतल्या सुजेत बहुधा ते कडं दिसतं. मग दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या शेजारी शेजारी बघा: एक लहान, दुसरी मोठी आहे का, एखादीचा गोल वाकडा झालाय का? आणि बुबुळाच्या तळाशी, आतल्या बाजूला, पांढरट आडवी रेघ साचल्यासारखी दिसते का? ती दिसली तर उद्या-परवाचा विचारही करू नका, त्याच दिवशी निघा. तो आत जमलेला पू असतो. यातलं काहीच दिसलं नाही तरी जायचंच आहे, कारण या आजारात बराचसा बिघाड बाहुलीच्या मागे असतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आता हे होतं कसं ते सांगते, म्हणजे सासूबाईंनाही समजावता येईल. लेप्टोचा जंतू स्क्रूसारखा पीळदार असतो. उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या मूत्रपिंडात तो राहतो आणि मुतातून चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरतो. ओल्या जमिनीत तो कित्येक आठवडे तग धरतो. चिखलणीला, लावणीला माणूस दिवसभर त्या पाण्यात उभा. पायांना भेगा, बोटांच्या बेचक्यात कुजलेलं, नांगराचा किंवा टिलरचा कुठेतरी ओरखडा. जंतूला तेवढी वाट पुरते. डोळ्यात चिखलाचं पाणी उडालं तरी तो आत जाऊ शकतो. रक्तात शिरला की पहिले काही दिवस तो अंगभर फिरतो. त्यातच पोटऱ्या आणि कंबर ठणकते, डोळे लाल होतात. तापातले ते लाल डोळे तुम्हाला आठवताहेत, हे फार बरं झालं. लेप्टोची ती जुनी खूण आहे: डोळे लाल, पण घाण नाही. तापाच्या रुग्णात नुसत्या त्या खुणेवरून लेप्टोची शंका घेणारे डॉक्टर कोकणात आहेत.

पुढे शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि रक्त साफ होतं. ताप उतरतो, माणूस घरी येतो. पण डोळ्याच्या आतली जागा शरीरातल्या इतर जागांपेक्षा वेगळी आहे. रक्तातल्या पेशींना आणि प्रतिपिंडांना तिथे सहज शिरता येत नाही. नजर जपण्यासाठी निसर्गाने केलेली ती सोय. तापाच्या दिवसांत तिथे पोचलेला जंतू किंवा त्याचे अवशेष मागे राहतात. मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी कधी वर्षभरानेसुद्धा, शरीराचं आणि त्या अवशेषांचं भांडण डोळ्याच्या आत पेटतं. म्हणजे सासूबाईंचं निरीक्षण अगदीच वाऱ्यावरचं नाही, आधीच्या आजाराचं काहीतरी डोळ्यात राहिलं हे त्यांनी बरोबर ओळखलं. फक्त ती कावीळ नाही. कावीळ हे यकृताचं लक्षण होतं आणि ते यकृत सुधारल्यावर गेलं. आणि झाडपाल्याचा रस तर अजिबात नको. आधीच सुजलेल्या डोळ्यात निर्जंतुक न केलेला रस गेला तर बुबुळावर जखम होईल, आणि मग दोन आजार निस्तरत बसावं लागेल.

यातलं काही नवं नाही. ज्या आडोल्फ वाइल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८६मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट मांडला, त्यांनीच रुग्णांच्या डोळ्यांच्या त्रासाचीही नोंद केली होती. जंतू सापडला तो त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, जपानमध्ये. घोड्यांच्या डॉक्टरांना तर हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे: घोड्यांचे डोळे पुन्हा पुन्हा सुजून शेवटी आंधळे होतात, त्यामागे बऱ्याच वेळा लेप्टोचा जंतू असतो. माणसांच्या बाबतीत मात्र बरीच वर्षं याचा विसर पडल्यासारखं झालं होतं.

मग मदुराई. १९९३च्या पावसाळ्याच्या शेवटी तिथे अतिवृष्टी होऊन पूर आला आणि १९९४मध्ये अरविंद नेत्र रुग्णालयात युव्हायटिसचे रुग्ण अचानक वाढले. एरवी हा आजार साथीसारखा येत नाही, म्हणून तिथल्या डॉ. एस. आर. रतिनम आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. शेवटी ७३ रुग्णांमध्ये लेप्टोशी नातं जुळलं. काहींच्या डोळ्यातल्या पाण्यात जंतूची जनुकीय खूणही सापडली. बहुतेकांची सूज डोळ्याच्या पुढच्या भागापुरती न राहता सगळ्या डोळ्यात पसरलेली होती. म्हणूनच ते तरंगणारं जाळं. बाहुलीमागच्या जेलीसारख्या भागात सुजेच्या पेशी आणि पडदे तयार होतात आणि त्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते.

हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण आपल्याकडे पूर काही कमी येत नाहीत. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मागोमाग लेप्टोची लाट आली, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. सिंधुदुर्गात तर दर पावसाळ्यात ‘लेप्टो’ हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत असतो. तापाची, मूत्रपिंडाची, कावीळीची काळजी घेणारी यंत्रणा त्यामुळे उभी राहिली. पण तापाचा रुग्ण फिजिशियनकडे जातो आणि डोळ्याचा रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे. मध्ये तीन महिने गेलेले असतात. रुग्णाला वाटतं, त्या तापाचं आता काय! डोळ्याचे डॉक्टर ‘आधी काही आजार?’ विचारतात तेव्हा माणूस बीपी-शुगर नाही म्हणून मोकळा होतो. दोन्ही टोकं जोडणारं माणूस घरातच असतं, आणि तुमच्या घरात ते तुम्ही आहात. म्हणून मी त्या फाईलच्या एवढी मागे लागले आहे.

डॉक्टरांकडे काय होईल ते आधी सांगून ठेवते, म्हणजे यजमान बिचकणार नाहीत. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसवतील आणि एक बारीक उजेडाची पट्टी डोळ्यात सोडतील. कौलातून अंधाऱ्या खोलीत कवडसा पडला की हवेतली धूळ तरंगताना दिसते ना, तशा त्या पट्टीत सुजेच्या पेशी तरंगताना दिसतात. निरोगी डोळ्यात तिथे स्वच्छ अंधार असतो. मग डोळ्याचं प्रेशर मोजतील, बाहुली मोठी करायचं औषध घालून मागचा पडदा तपासतील. त्यानंतर काही तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड आणखी खुपतो, म्हणून मोटरसायकल त्यांना चालवू देऊ नका. एसटीने जा नाहीतर कुणाला तरी सोबत घ्या, आणि काळा चष्मा न्या.

रक्ताच्या तपासण्या लिहून देतील. लेप्टोच्या प्रतिपिंडांची एक तपासणी, शक्य असेल तिथे ‘मॅट’ नावाची अधिक खात्रीची. ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते, त्यामुळे निकालाला वेळ लागेल. त्याबरोबर छातीचा एक्स-रे, क्षयाची तपासणी, आणि एका ओळीत ‘व्हीडीआरएल’ लिहिलेलं असेल. ही गरमी म्हणजे सिफिलिसची तपासणी. या एका ओळीवरून घरात अबोला धरलेली जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून आत्ताच सांगते: युव्हायटिसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ती लिहून देतात. त्यात संशय कुणाच्या वागण्याचा नसतो. क्षय, सिफिलिस, संधिवाताचे काही प्रकार हे सगळे डोळ्याच्या आत अशीच सूज आणतात, आणि उपचार सुरू करण्याआधी ते बाजूला काढावे लागतात. डॉक्टर कंबरदुखी, तोंडातले फोड, जुना खोकला असलं काहीबाही विचारतील. वैतागू नका, खरी उत्तरं द्या.

मेडिकलच्या ड्रॉपबद्दल. बाटली किंवा खोका घरात असेल तर तोही घेऊन जा. पटकन आराम आणि थांबवल्यावर दुप्पट जोर, हे ऐकून मला वाटतं त्यात स्टेरॉइड असावं. आता गंमत अशी की युव्हायटिसचा मुख्य उपचारसुद्धा स्टेरॉइडचाच आहे. मग मी रागावते कशावर? मात्रेवर, आणि न तपासता देण्यावर. डॉक्टर सुरुवातीला तासा-दोन तासांनी ड्रॉप घालायला सांगतात, मग सूज बघत बघत कित्येक आठवड्यांत हळूहळू कमी करतात. मध्येच एकदम थांबवलं की सूज उसळते, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. शिवाय स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि ते दुखल्याखुपल्याशिवाय नजर खातं. आणि एक फार महत्त्वाचं: कापणीच्या दिवसांत डोळ्याला भाताची पात, लोंबी किंवा तूस लागली होती का, ते ह्यांना विचारा. लागली असेल आणि बुबुळावर पांढरा ठिपका असेल, तर ती बुबुळाची जखम असू शकते, बऱ्याचदा बुरशीची. तिच्यावर स्टेरॉइड पडलं तर डोळा जाऊ शकतो. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच लाल दिसतात, काउंटरपलीकडच्या माणसाला फरक कळायचा कुठून? कृपा करून त्या बाटलीची दुसरी आणू नका.

लेप्टोचंच निघालं तर घाबरून जाऊ नका. वेळेवर उपचार झाले तर या सुजेत नजर बहुतेकांची चांगली परत येते, इतर कित्येक प्रकारच्या युव्हायटिसपेक्षा हा त्या मानाने ऐकणारा आहे. स्टेरॉइडचे ड्रॉप, बाहुली मोठी ठेवून आतला भाग चिकटू न देणारे ड्रॉप, सूज मागे जास्त असेल तर डोळ्याशेजारी इंजेक्शन किंवा काही दिवस गोळ्या. गोळ्या चालू असताना रक्तातली साखर बघत राहा. जंतुनाशक द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. त्यावर तज्ज्ञांत एकमत नाही, कारण या टप्प्यावर त्रास बराचसा शरीराच्या प्रतिक्रियेचा असतो. काही रुग्णांना यात लवकर मोतीबिंदू होतो, चाळिशीच्या आतसुद्धा. झाला तरी सूज पूर्ण शमल्यावर त्याचं ऑपरेशन करता येतं. घाईने करायचं नसतं. आणि पुढची दोन-तीन वर्षं डोळा पुन्हा लाल झाला, जाळं दिसलं, की त्याच आठवड्यात दाखवायचं. डावा डोळाही प्रत्येक वेळी तपासून घ्या, कारण हा आजार दोन्हीकडे येऊ शकतो.

कुठे जायचं? जवळ चांगला नेत्रतज्ज्ञ असेल तर तिथून सुरुवात करा, नाहीतर जिल्हा रुग्णालयाचा नेत्रविभाग. सूज मागच्या पडद्यापर्यंत असली तर ते मोठ्या ठिकाणी पाठवतील. तुमच्या बाजूची माणसं गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जातातच, वाट माहितीची आहे. पाठवलं तर ‘बघू नंतर’ म्हणून परत घरी येऊ नका.

मुलांचं. या डोळ्यापासून मुलांना काही होणार नाही. डोळ्यात बघून, एका टॉवेलने, एका ताटात जेवून हा डोळ्याचा आजार लागत नाही, आणि लेप्टोसुद्धा माणसाकडून माणसाला सहसा जात नाही. त्यांना वेगळ्या खोलीत निजवायची गरज नाही. पण यजमानांना ज्या पाण्यात लागण झाली ते पाणी तुम्हा सगळ्यांच्याच पायाखालचं आहे, त्याची काळजी करा. गोठ्यातलं मूत साचू देऊ नका, पेंड आणि भाताची पोती उंदरांना पोचणार नाहीत अशी ठेवा, गोठ्यात अनवाणी जाऊ नका. कुत्रा असेल तर त्याला लेप्टोची लस मिळते, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पुढच्या लावणीला गमबूट घाला. चिखलात ते रुततात, कामाला अडचण होते हे मला ठाऊक आहे. बूट नाहीच जमले तर निदान भेगा-जखमा झाकून उतरा आणि बाहेर आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. आरोग्य सेविका पावसाळ्यात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, ज्यांना चिखलात काम टळत नाही त्यांच्यासाठी त्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या असतात. त्या उपाशीपोटी घेऊ नका, भरपूर पाण्याबरोबर घ्या, आणि गिळून लगेच आडवं होऊ नका.

धाकट्या जाऊबाईंना मात्र त्या गोळ्या चालत नाहीत. गरोदरपणी डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, आठ वर्षांखालच्या मुलांनाही नाही. घरात पाकीट आलं की ‘सगळ्यांनी एकेक घ्या’ असं होतं, तसं होऊ देऊ नका. त्यांना या दिवसांत गोठ्याची झाडलोट आणि शेणाचं काम देऊ नका. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी गरोदर आहे आणि घरात यंदा लेप्टो होऊन गेलाय’ असं सांगायचं. गरोदर बाईला चालणारी दुसरी औषधं आहेत, डॉक्टर ती देतात.

तपासून आलात की डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं डोळ्याचं प्रेशर आणि औषधांची नावं मला लिहून पाठवा. वेळापत्रक समजायला अवघड वाटलं तर मी सोप्या मराठीत मांडून देईन.